कंबर गुडघ्यात असते: सांगलीतल्या बेली डान्स वर्गाची बारा आठवड्यांची नोंद

विश्रामबागेतला भाड्याचा हॉल, शनिवार-रविवार सकाळी सव्वा तास. घरी रोज वीस मिनिटं, तीही टाइमर लावून. नोंद लिहिण्यामागचं कारण एवढंच की दर नव्या तुकडीत त्याच चुका त्याच आठवड्यात होतात. पुढच्यांचे निदान दोन रविवार तरी वाचावेत.

आठवडे १ ते ३

नाच नाहीच. नुसतं उभं राहणं. पावलं समांतर, कमरेच्या हाडांखाली. गुडघे मोकळे: वाकवलेले नकोत आणि मागे ताठ ढकललेलेही नकोत. माकडहाड जमिनीकडे, बरगड्या किंचित वर, खांदे खाली. "छाती वर" म्हटलं की निम्म्या जणी कमरेत बाक काढतात आणि रविवारी दुपारी पाठ धरते. तपासायला भिंत पुरते. टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे, पाठ भिंतीला. कमरेच्या मागे तळहात जेमतेम सरकला पाहिजे. मूठ सहज जात असेल तर बाक जास्त आहे.

भरतनाट्यम शिकून आलेल्यांची पावलं आपोआप बाहेर वळतात. इथे वळली की गुडघा बाजूला पळतो आणि हिप वर जायच्याऐवजी तिरका फिरतो. सवय मोडायला त्यांना नवख्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. ते गृहीत धरावं, त्यात कमीपणा नाही.

शब्दांचाही घोळ आहे. मराठीत "कंबर" म्हणजे साडीचा काठ खोचतो ती जागाही आणि खालचं हाडही. "कंबर हलवा" म्हटलं की सगळ्या पोटातून पीळ देतात. म्हणून वर्गात "हिप" हाच शब्द ठेवला आहे. पहिल्या दिवशी प्रत्येकीने दोन्ही हातांनी आपली हाडं चाचपून घ्यायची आणि ओढणी नेमकी त्या हाडांवर बांधायची, गाठ बाजूला. घुंगरांचा किंवा नाण्यांचा स्कार्फ पहिल्या महिन्यात नको. आवाज इतका गोड येतो की चूक ऐकूच येत नाही.

हिप ड्रॉप, आठवडा ४

सगळ्या वर्गाचा पाया हाच, म्हणून सविस्तर.

वजन पूर्ण डाव्या पायावर. उजव्या पायाचा चवडा डाव्या पावलापेक्षा चार बोटं पुढे, टाच वर, गुडघा वाकलेला. आता उजवा गुडघा थोडा सरळ केला की उजवा हिप आपोआप वर जातो, आणि गुडघा सैल सोडला की खाली पडतो. ठोका पडण्यावर द्यायचा, चढण्यावर नाही. चढणं म्हणजे पोहऱ्याने पाणी वर काढणं आणि पडणं म्हणजे दोर सोडून देणं. पाडायला जोर लावला की छातीही सोबत खाली येते.

बिघडतं ते नेहमी वजनामुळे. वजन दोन्ही पायांवर निम्मं-निम्मं राहिलं तर हिपला पडायला जागाच उरत नाही. परीक्षा सोपी: मधेच कुणीतरी "उचला" म्हणायचं. धड न हलवता उजवं पाऊल जमिनीवरून सुटलं तर वजन जागेवर आहे. डावीकडे कलावं लागलं तर नाही. पहिल्या दिवशी जवळपास सगळ्या कलल्या.

"ताई, माझा हिप हलतच नाही," या तक्रारीचं एकच उत्तर चार आठवडे चाललं: हिपकडे बघू नका, गुडघ्याकडे बघा. बाहेरून दिसतो हिप, पण काम करतो गुडघा आणि त्याच्या वरचा मांडीचा स्नायू. हिप वर ओढायला कुशीतल्या तिरक्या स्नायूंची मदत लागते. ती पुढे, चाल संथ झाली की. सुरुवातीलाच कुशीने ओढायला गेलं तर दहा मिनिटांत चमक भरते.

आठचा आकडा

इथे हसू आवरत नाही. हिपने "आठ" काढायचा म्हणजे देवनागरी ८ नव्हे. तो गिरवला तर बाई दारातून बाहेर जाईल. इंग्रजी आठ, आडवा पाडलेला, जमिनीला समांतर. उजवा हिप पुढच्या कोपऱ्यात, तिथून बाहेरून वळसा घेऊन मागे, मग मधून डावा पुढे. दोन हिप, चार कोपरे. सुरुवातीला चारही कोपऱ्यांवर थांबायचं, मग कोपरे घासून गोल करायचे. पहिल्या दिवशी गोल काढायला गेलं की आठाचा बटाटा होतो.

उभा आठ वेगळा. हिप वर, बाहेर, खाली, आत. त्याला माया म्हणतात. टाचा जमिनीवर ठेवून केला तर लहान पण स्वच्छ येतो. सराव भिंतीशेजारी: बाजूची भिंत हिपपासून चार बोटं. हिप भिंतीला टेकला पाहिजे, खांदा टेकता कामा नये.

आठवडे ५ ते ७: शिमी, आणि इथेच गाडी अडली

शिमी म्हणजे थरथर नव्हे. दोन गुडघे आळीपाळीने सरळ-सैल, सरळ-सैल, टाचा जमिनीला चिकटलेल्या. हिप हलतो तो त्याचा परिणाम. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० वर, एका ठोक्याला दोन हालचाली, तीन मिनिटं. ते सलग जमलं की त्याच ६० वर ठोक्याला चार. मग पाच-पाचने वाढ. साधारण ८० च्या आसपास मांड्या आवळल्या जातात आणि शिमी दातखीळ बसल्यासारखी अडते. तेव्हा दहाने खाली यायचं. वर ढकलून उपयोग नाही, कारण आवळलेला स्नायू वेगाने सैल होऊच शकत नाही.

आवळलंय हे पायापेक्षा तोंडावर आधी कळतं. जबडा, श्वास, पायाची बोटं: तिन्ही तपासा. बोटं फरशी पकडत असतील तर ती उचलून हलवा आणि पुन्हा टेकवा. श्वास रोखला जात असेल तर मोठ्याने अंक मोजा. मोजता मोजता श्वास रोखता येत नाही.

फुलपात्राचा प्रयोग सगळ्यात कामाचा ठरला. पाऊण फुलपात्र पाणी, दोन्ही तळहातांत, छातीसमोर. शिमी चालू. पाण्यावर बारीक तरंग उठले तर उत्तम. पाणी हिंदकळून काठावर आलं तर गुडघे नाही, आपण सगळेच उडतोय. सांडलं तर फरशी लगेच पुसा. हॉलच्या गुळगुळीत टाइल्सवर घामाचे थेंबसुद्धा घसरवतात.

आठवडा ६ मध्ये दोघींचे गुडघे दुखले. दोन्हीकडे कारण एकच: "सरळ" म्हणजे शेवटपर्यंत मागे. गुडघा शेवटच्या टोकाला आपटायचा नाही, अलीकडेच परत फिरायचं. दुखणं चार दिवसांत गेलं नाही तर डॉक्टर, शिमी नाही.

ताल: केरव्याची सवय आडवी येते

अरबी तालात दोनच मुख्य बोल, डुम आणि टेक. डुम मधला खर्ज, टेक काठावरचा. हे बोल ज्या पेल्याच्या आकाराच्या वाद्यावर वाजतात, त्यालाही इजिप्तमध्ये तबलाच म्हणतात. मिरज शेजारी असली तरी तिची ख्याती सतारी-तंबोऱ्यांची. म्हणून वर्गात रंगाची वीस लिटरची रिकामी बादली उलटी घातली, तळाच्या मध्यावर डुम आणि कडेला टेक, झकास काम होतं.

मक्सूम हा ताल आठ घरांत असा (– म्हणजे रिकामं घर): डुम टेक – टेक, डुम – टेक –. बलदी तालात पहिली दोन्ही घरं डुम: डुम डुम – टेक, डुम – टेक –. सैदीत डुमची जोडी मधोमध: डुम टेक – डुम, डुम – टेक –. मल्फूफ तीन-तीन-दोन: डुम – – टेक – – टेक –.

आता मेख. आपल्या कानात केरवा बसलेला, त्याच आठ मात्रा. पण केरव्यात पाचव्या मात्रेवर खाली, म्हणजे हात हलका. मक्सूममध्ये पाचव्या घरातच दुसरा डुम. भजनात, आरतीत, लग्नाच्या वरातीत जन्मभर टाळ्या वाजवलेल्या शरीराने पाचव्याला वजन सोडायचं ते काढून घेतलं जातं, आणि ड्रॉप हवेत लटकतो. पाय चुकत नाहीत, कान चुकतो. उपाय: आठवडाभर नाचायचं नाही. स्वयंपाक करता करता ओट्यावर मक्सूम वाजवायचा, पाचव्या घरावर मुद्दाम जास्त जोर देऊन. आठवडा ८ मध्ये बहुतेकींचं बसलं.

आणखी एक. मोबाइलच्या स्पीकरवर डुम ऐकूच येत नाही, फक्त टेक टोचतात. खर्ज देणारा स्पीकर आणल्यावर जे एका दिवसात सुधारलं, ते तोवर सगळ्या आपल्या पायांच्या माथी मारत होत्या.

वर्ग कसा चालतो

यात नियम थोडे आहेत, पण पाळले जातात. फोन पिशवीत, चित्रण नाही. स्वतःचा सराव टिपायचा असेल तर वर्ग संपल्यावर, एकटीचा, दुसरं कुणी चौकटीत नको. शिकवणारी ताई हात लावून दाखवण्याआधी विचारते आणि "नको" ला कारण मागत नाही. पोट उघडं ठेवायची सक्ती नाही, कुडता चालतो, फक्त हिपवर ओढणी घट्ट. "बारीक झालीस" हेही बोलायचं नाही, मग "जाड" दूरच. दर वीस मिनिटांनी मागची रांग पुढे येते, नाहीतर मागच्या कोपऱ्यातल्या काकू तिन्ही महिने कोपऱ्यातच राहतात. शेवटची दहा मिनिटं आरशावर चादर. आरसा चूक दाखवतो खरा, पण नजर त्यात अडकली की मान पुढे येते.

नावावरून भुवया उंचावतात, त्याला इलाज थोडाच. "पोटाचा नाच" हे नाव फ्रेंचांनी दिलेलं आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातून इंग्रजीत पसरलेलं. इजिप्तमध्ये रंगमंचावरच्या रूपाला रक्स शर्की म्हणतात, म्हणजे पूर्वेचं नृत्य, आणि घरच्या-मोहल्ल्याच्या रूपाला बलदी. १९२६ मध्ये नर्तकी बदिया मसाबनीने कैरोत आपला मंच उघडला, तिथे ताहिया कारिओका आणि सामिया गमाल या नर्तकी पुढे आल्या. लावणीच्या वाटेला आलेली कुजबुज ज्यांनी ऐकली आहे, त्यांना बाकीचं समजावून सांगावं लागत नाही.

आठवडे ९ आणि १०: पोटाची लाट

पोट शेवटी आलं. सतरंजीवर उताणं, गुडघे वाकवून, एक तळहात बेंबीच्या वर, दुसरा खाली. आधी वरचा आत, मग खालचा आत, मग वरचा सैल, मग खालचा. श्वास वेगळा, पोट वेगळं. श्वासाने पोट फुगवून केलेली लाट उभं राहिल्यावर गायब होते. जेवणानंतर दोन तास नाही. सिझेरियन, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. घाई नको, इथे महिनेही लागतात.

आठवडा ११: सागात आणि व्हेल

सागात म्हणजे बोटातल्या झांजा. प्रत्येक हाताच्या अंगठ्यात आणि मधल्या बोटात एकेक. इलॅस्टिक चपटं, सेंटिमीटरभर रुंद, नखाच्या मुळाशी बसणारं. आधी सेफ्टी पिन लावून माप घ्या, मगच टाका घाला. हात उलटा करून झटकला तर झांज हलता कामा नये. बोटाचं टोक निळसर पडलं तर सैल करा. भजनाचे टाळ चालतील का, हा प्रश्न दर वेळी येतो. नाही, ते बोटाला जड होतात. फ्लॅटमध्ये सराव असेल तर जुन्या मोज्याचा तुकडा झांजेवर चढवा, शेजारी दुवा देतील. पहिला बोल उजवा-डावा-उजवा आणि एक घर गप्प. आधी बसून, मग चालत, हिप सगळ्यात शेवटी.

व्हेलसाठी, म्हणजे नाचात हातात धरायच्या पातळ कापडासाठी, बाजारातून काही आणू नका. जुनी जॉर्जेटची साडी, साडेपाच मीटर, मधोमध कापली की पावणेतीन मीटरचे दोन व्हेल. काठ-पदर जरीचे असतील तर ती साडी नको, जड बाजू आधी खाली येते. कडेला पिको बारीक धाग्याचा. दोन्ही टोकांना साधारण ४० सेंटिमीटर सोडून वरची कड तर्जनी आणि मधल्या बोटात धरायची, अंगठा नुसता टेकलेला. मुठीत धरलं की हवा शिरत नाही. पंखा बंद. ही सूचना दारावर लावली आहे, कारण छताच्या पंख्यात व्हेल अडकायला एक गिरकी पुरते. एप्रिलच्या सांगलीत पंख्याविना वीस मिनिटंच निघतात, म्हणून व्हेल तासाच्या सुरुवातीला घेतला जातो.

आठवडा १२, आणि पुढची तयारी

मक्सूमवर दोन मिनिटांचा बांधलेला तुकडा सगळ्यांचा झाला. शिमी चालताना टिकते ती अजून तिघींचीच. चालताना गुडघा दोन कामं करतो आणि जुनं काम विसरतो.

पुढच्या महिन्यात सैदी तालावरचा काठीचा नाच. वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या, इजिप्तमधला पुरुषांचा काठीचा खेळ म्हणजे तहतीब, २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलेला. त्याची खट्याळ नक्कल बायका काठी घेऊन नाचतात. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या नर्तक महमूद रेदाच्या संचाने असली लोकनृत्यं रंगमंचावर आणली. काठी प्रत्येकीने आपापली आणायची: जमिनीपासून हिपच्या हाडापर्यंत उंच, करंगळीएवढी जाड, पॉलिश पेपरने घासलेली, टोकांना चिकटपट्टीचे दोन वेढे. लाठी नको, मनगट जातं. आणि दोघींमध्ये दोन हात अंतर ठेवून उभं राहायचं आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी वर्ग दोन पाळ्यांत.