संकलन: पद्धत कुठली लावायची हे मी कसं शिकले

बारावीच्या गणितातल्या संकलनात (इंटिग्रेशन, म्हणजे विकलनाची उलट क्रिया) पद्धती पाठ असतात, गाडी अडते ती निवडीपाशी. उदाहरणसंग्रहावर 'खंडशः संकलनाने सोडवा' (म्हणजे गुणाकारातल्या एकाचं विकलन, दुसऱ्याचं संकलन करत) असं वरच छापलेलं असतं. पेपरात तसं काही नसतं. म्हणून मी सगळ्या संग्रहांतली उदाहरणं मिसळली आणि प्रत्येकाची फक्त पहिली पायरी लिहायची, शेजारी कारण लिहायचं, असा सराव धरला. पूर्ण सोडवण्यापेक्षा याचा फायदा कितीतरी जास्त झाला.

खरं डोळे उघडले ते एक्स² + ४ या एका छेदाने. छेद तोच ठेवून अंश बदलत गेले. अंशात १ असेल तर सरळ सूत्र: १/२ टॅन इन्व्हर्स (एक्स/२). एक्स असेल तर छेदाचं विकलन २एक्स, म्हणजे नुसता २ कमी; आदेश पद्धत (छेदाच्या जागी नवं चल घ्यायचं), उत्तर १/२ लॉग (एक्स² + ४). अंशात एक्स² आला की आधी भागाकार: १ − ४/(एक्स² + ४), आणि उत्तर एक्स − २ टॅन इन्व्हर्स (एक्स/२). शेवटी अर्थातच + सी, म्हणजे संकलनाचा स्थिरांक.

छेदात अधिकच्या जागी वजा केलं की अवयव पडतात आणि आंशिक अपूर्णांक (एका अपूर्णांकाची साध्या अपूर्णांकांत फोड) लागू होतात. इथे फसगत ठरलेली. एक्स²/(एक्स² − ४) हे भागाकार न करता ए/(एक्स − २) + बी/(एक्स + २) असं मांडलं, तरी एक्स = २ आणि −२ ठेवून ए = १, बी = −१ असं छान निघतं. पण एक्स = ० ठेवून बघा: डावीकडे ०, उजवीकडे −१. भागाकारातला १ गळाला. अंशाची कोटी (एक्सचा सर्वांत मोठा घातांक) छेदापेक्षा लहान आहे ना, हे आधी बघायलाच हवं.

गुणाकार दिसला की खंडशः, ही सवय मात्र मोडावी लागते. एक्स गुणिले ई^(एक्स²) मध्ये घातांकाचं विकलन शेजारीच उभं आहे, तिथे आदेश पद्धत. एक्स गुणिले ई^एक्स मध्ये तसं नाही, म्हणून खंडशः, आणि विकलन एक्सचं करायचं. उलट केलं तर पुढच्या संकलनात एक्सचा एक्स² होतो. लॉग एक्स एकटा असला तरी खंडशः चालतं, दुसरा अवयव १ घ्यायचा.

पण कुठल्याही पायरीनंतर नुसता ई^(एक्स²) संकलनात उरला, तर तिथेच थांबून मागे फिरते. त्याचं संकलन आपल्या नेहमीच्या फलांत (फंक्शन्समध्ये) लिहिताच येत नाही.