वेल्डनंतर पत्र्याचा सूर का उतरतो: माझा अनुभव

वेल्डिंगनंतर ॲल्युमिनियमच्या पत्र्यात ताण अडकून राहतो. त्याने कंपनं किती बदलतात हे मोजायचं, तर दोन पत्रे जोडून भागत नाही. जोडण्याआधीचा आकडाच हाती नसतो. म्हणून मी ५०८३-ओ चा (मॅग्नेशियम मिसळलेलं, अनील करून मऊ केलेलं ॲल्युमिनियम) ६०० × ३०० × ४ मिमीचा अखंड पत्रा घेतला आणि मधोमध, लांबीच्या दिशेने, एसी टिगने (टंगस्टनच्या टोकाचं, उलटसुलट प्रवाहाचं आर्क वेल्डिंग) फिलर, म्हणजे भरीची सळई, न घालता नुसती वितळरेषा ओढली. वजन तेच राहतं. साफसफाई मात्र क्रमानेच: आधी ॲसिटोन, मग स्टेनलेसचा ब्रश. उलटं केलं तर तेलकटपणा पृष्ठभागात घासला जातो आणि वेल्डमध्ये छिद्रं पडतात.

मोजणी वेल्डच्या आधी आणि नंतर, अगदी एकसारखी. लांब कडेला दोन्ही टोकांपासून १३४ मिमीवर २ मिमीची भोकं पाडून पत्रा रबरी दोरीने टांगला. वाकण्याच्या पहिल्या कंपनात ही जागा स्थिर असते. कोपऱ्यावर मेणाने चिकटवलेला हलका ॲक्सेलरोमीटर (कंपनं टिपणारा सेन्सर), प्लास्टिकच्या टोकाची हातोडी, १६ सेकंदांची नोंद. हिशेबाने वाकण्याचं कंपन ६० हर्ट्झच्या आसपास, पिळाचं ७० च्या थोडं वर.

वेल्डपाशी ओढ राहते, कडांकडे दाब. ३० मिमीच्या पट्ट्यात १०० मेगापास्कल ओढ धरली, तर उरलेल्या २७० मिमीत ११ मेगापास्कल दाब येतो. वाकताना सगळी रुंदी एकसारखी हलते, त्यामुळे दोन्ही एकमेकांना फेडतात. पिळात कडाच सर्वात जास्त हलतात, आणि दाब नेमका तिथेच. या दाबामुळे पिळाच्या १६६ न्यूटन-चौरस मीटर ताठपणातून ९९ वजा होतात, वारंवारता ०.६४ पट. टोकांशी ताण शून्यावर येतो, म्हणून प्रत्यक्षात घट याहून कमी. याच हिशेबाने जाडी ३ मिमीवर आली की ताठपणा उरतच नाही. पातळ पत्रा क्लॅम्प सोडताच पीळ का खातो, ते इथे कळतं.

फसगत होते ती शिखरं, म्हणजे नोंदीच्या आलेखात प्रत्येक कंपनाच्या वारंवारतेवर दिसणारे उंचवटे, ओळखताना. पिळाचं कंपन घसरून वाकण्याच्या खाली जाऊ शकतं, आणि पहिलं शिखर म्हणजे वाकणं असं धरलं की सगळा निष्कर्ष उलटतो. चारही कोपऱ्यांवर ठोका देऊन पाहा: वाकण्यात चारही एका दिशेने जातात, पिळात एका कर्णावरचे दोनच.

दुसरा घोटाळा आकाराचा. वेल्डच्या रेषेवर पत्रा घडीसारखा वळतो. दोन्ही कडा नुसत्या २ मिमी उचलल्या तरी वाकण्याची वारंवारता १२ टक्क्यांनी चढते, आणि त्याचा अडकलेल्या ताणाशी थेट संबंध नाही. सरळपट्टी आडवी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) हे दर वेळी मोजायचं. हलक्या आणि जोरदार ठोक्याला शिखर वेगवेगळ्या जागी दिसलं, तर पत्रा फुगण्याच्या उंबरठ्यावर आहे; अंगठ्याने दाबला की डब्याच्या झाकणासारखा टक् वाजतो.

खातरजमेसाठी पत्रा सपाट आधारावर ठेवून ३४५ अंश सेल्सिअसवर अनील केला (ताण सुटावा म्हणून तापवून थंड केला) आणि पुन्हा ठोकला. जेवढं परत आलं तेवढं ताणाचं, उरलं ते आकाराचं. १५०–२०० अंशांवर तासन्‌तास ठेवू नका: ताण पुरेसा सुटत नाही, आणि ३ टक्क्यांहून जास्त मॅग्नेशियम असलेल्या या मिश्रधातूत कणांच्या सीमांवरून गंज शिरायला वाट होते.