सपाटी, डोंगर आणि पहाटेचा गारठा: वावरातल्या हवामान-नोंदी

परतवाड्याजवळच्या आमच्या वावरात थर्मामीटरची पेटी आता पक्की बसली. पांढरा रंग, झडपांच्या भिंती, जमिनीपासून सव्वा मीटर उंची, आणि दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी थर्मामीटरवर ऊन येत नाही. तसाच संच चिखलदऱ्याला मित्राच्या अंगणात, आमच्याहून सुमारे ७०० मीटर उंचावर.

मे महिन्यात हिशेब सरळ होता. किलोमीटरभर वर गेलं की हवा साधारण ६.५ अंशांनी थंड होते. त्या मानाने वर चार-पाच अंश कमी हवेत, आणि दुपारी तेवढेच निघाले. डिसेंबरात मात्र हा नियम पहाटे टिकत नाही. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की दोन्हीकडचे आकडे जवळजवळ सारखे येतात. कधी आमच्या नाल्याकाठीच गारठा जास्त. जमीन रात्रभर उष्णता सोडते, तिला लागून असलेली हवा थंड होऊन जड होते आणि उतारावरून खाली येऊन खोलगट भागात साचते. ढग आले की हे थांबतं. म्हणून वहीत ढगांचा रकाना वाढवलाय. माझ्या मते पहाटेचं तापमान त्याच्याशिवाय वाचूच नये. वाऱ्याचाही रकाना हवा, पण त्याचं यंत्र अजून घ्यायचं आहे.

रत्नागिरीच्या दोस्ताचे आकडेही शेजारी मांडतो. मेमध्ये तिकडे दिवस-रात्रीत सात-आठ अंशांचा फरक, इकडे पंधराच्या आसपास. समुद्र हळू तापतो, हळू निवतो.

पावसाचं कोडं मला सगळ्यात प्रिय. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर, आणि घाट उतरून वाईला हजाराच्या आत. सह्याद्रीने ढग पिळून घेतले, हे कळतं. मग पूर्वेकडे पाऊस घटतच जायला हवा ना? अकोल्याला ८०० च्या आसपास, पण नागपूरला हजाराच्या वर आणि गडचिरोलीला त्याहूनही जास्त! बंगालच्या उपसागरात तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रं पूर्वेकडून आत सरकतात, म्हणून विदर्भाची पूर्व बाजू आधी आणि जास्त भिजते. आमच्याकडची झडही पुष्कळदा तिकडूनच येते.

या पावसाळ्यात गडचिरोलीकडचा एक नोंदकर्ता हवा आहे. पर्जन्यमापक झाडा-घरापासून लांब, मोकळ्यावर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठलाच मोजा. वेळ बदलली तर आकडे जुळवता येत नाहीत. कोरड्या दिवशीही शून्य लिहा.