जुन्या नोटांचा अल्बम: मांडणी बदलतोय, अर्धं काम झालं

या वेळच्या नोंदीत नवी खरेदी जवळजवळ नाही. अल्बमच उलगडून पुन्हा लावायला घेतलाय. आतापर्यंत माझी मांडणी बहुतेकांसारखीच होती: आधी मूल्य, मग गव्हर्नरची सही, मग इनसेट अक्षर, म्हणजे नंबराच्या चौकटीत मागे छापलेलं इंग्रजी अक्षर. आता सगळ्यात आधी नोटेची आजची कायदेशीर अवस्था धरली आहे. पहिल्या फाइलमध्ये रोजच्या वापरातल्या नोटा. दुसरीत छपाई थांबलेल्या किंवा काढून घेतलेल्या, पण कायद्याने अजून चालणाऱ्या. तिसरीत रद्द झालेल्या.

घरी कुणीही अल्बम पाहिला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ही अजून चालते का?" प्रश्न साधा आहे, पण त्याची उत्तरं बाजारात इतकी चुकीची फिरतात की माणसं चांगल्या नोटा घाबरून फेकतात किंवा मातीमोलाने देऊन टाकतात. पान उघडताच उत्तर मिळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

सगळ्यात भरली ती दुसरी फाइल. वाघाची दोनची नोट, ट्रॅक्टरची पाचची, जुन्या एकच्या नोटा. आमच्या नागपूरच्या बर्डीतला दुकानदार दोनची नोट हातात घेऊन "भाऊ, हे बंद झाली" म्हणतो तेव्हा त्याला शांतपणे सांगावं लागतं की बंद झाली ती छपाई. दोनची नोट नाण्यापुढे मागे पडली, म्हणून छापणं थांबवलं. ती रद्द कधीच झाली नाही. एकच्या नोटेचं तर घराणंच वेगळं. ती रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची, तिच्यावर सही वित्त सचिवांची. १९९४ मध्ये तिची छपाई थांबली आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली. दुकानदाराने नाकारलं म्हणून नोट बाद होत नाही, हे या फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय.

जास्त वेळ गेला २००५ पूर्वीच्या नोटांवर. ओळखायची सोपी खूण: नोट उलटी करा, खाली मधोमध बारीक अक्षरात छपाईचं वर्ष बघा. वर्ष नसेल तर नोट २००५ च्या आधीची. जानेवारी २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने या नोटा परत घेत असल्याचं जाहीर केलं आणि मुदत वाढत वाढत ३० जून २०१६ पर्यंत आली. त्यानंतर बदलून घ्यायच्या तर फक्त रिझर्व्ह बँकेची ठरावीक कार्यालयं, आणि त्या यादीत आपलं नागपूरही होतं. पण या सगळ्या काळात त्या नोटा कायद्याने चालतच होत्या. मग ८ नोव्हेंबर २०१६ आला आणि या कुटुंबाच्या दोन वाटा झाल्या. पाचशे आणि हजार तिसऱ्या फाइलमध्ये गेल्या; दहा, वीस, पन्नास आणि शंभर अजून दुसरीतच आहेत. आपल्या छंदातले जुनेजाणतेही इथे गोंधळतात. 'वर्ष नाही म्हणजे नोट मेली' हे खरं नाही.

दोन हजारच्या नोटेला स्वतंत्र पान दिलंय. शेजारच्या काकूंच्या यवतमाळच्या माहेरी पोथीच्या कापडात या नोटा निघाल्या. काकू धावत आल्या, "बाबू, ह्या आता फेकूनच द्याव्या लागन का?" नाही लागणार. १९ मे २०२३ रोजी ही नोट चलनातून काढून घेतली, रद्द केली नाही. साध्या बँक शाखेत ती घेण्याची मुदत ७ ऑक्टोबर २०२३ ला संपली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेची १९ इश्यू ऑफिसं उरली, एका वेळी वीस हजारांपर्यंत बदलून देणारी. त्यातलं एक आपल्या संविधान चौकातलं. यवतमाळहून इथवर येणं जमत नसेल तर कोणत्याही पोस्ट ऑफिसातून नोटा इश्यू ऑफिसला पाठवून पैसे खात्यात जमा करून घेता येतात. काकूंच्या भावाने पोस्टाचाच रस्ता धरला. पाठवण्याआधी मी प्रत्येक नोटेचा नंबर आणि इनसेट अक्षर पाहून घेतलं.

हे नंबर पाहणं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. परत गेलेली जुनी नोट पुन्हा कुणाच्या हातात येत नाही. रिझर्व्ह बँकेत मशीनवर तपासून चलनात ठेवण्याजोगी नसलेली नोट बारीक कातरली जाते आणि त्या चुऱ्याच्या विटा दाबल्या जातात. एखादी दुर्मीळ सही, एखादी जुनी स्टार नोट (छपाईत बिघडलेल्या नोटेऐवजी घातलेली, नंबरात तारा असलेली) त्यात गेली तर गेलीच. म्हणून बदलायला नेण्याआधी खिडकीच्या उजेडात बसून भिंगाखाली एकेक नोट बघायची. त्याला फार तर एखादी दुपार लागते.

अशाच एका दुपारी मामांच्या डब्यातली १९६९ ची दहाची नोट नीट पाहता आली. गांधी जन्मशताब्दीची ही मालिका रिझर्व्ह बँकेची पहिली स्मारक मालिका. बसलेले गांधीजी आणि मागे सेवाग्राम आश्रम. इथून गाडीने दीड-दोन तासांवर असलेली ती कुटी देशभर फिरलेल्या नोटेवर पाहून नागपूरच्या माणसाला जे वाटतं ते मी लिहायला नको. कागद मऊ झालाय, घड्या चार. डाव्या बाजूला टाचणीची दोन भोकं आणि त्यांच्याभोवती गंजाचा तांबूस डाग. गड्ड्यांना पिना मारण्याची पद्धत २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने थांबवायला सांगितली, त्याआधीच्या बहुतेक नोटांवर ही खूण सापडतेच. विक्रेते भोकांवरून भाव पाडतात. मला ती भोकं नोट खरोखर हातोहात फिरल्याची साक्ष वाटतात, आणि जोडकाम करून बुजवलेल्या नोटेपेक्षा भोकांची नोट मी केव्हाही पसंत करेन. सही तेव्हाचे गव्हर्नर एल. के. झा यांची. याच मालिकेत बी. एन. आडारकरांची सही असलेल्या नोटाही निघाल्या. ते १९७० मध्ये मे-जूनच्या जेमतेम सहा आठवड्यांसाठी गव्हर्नर होते. ती सही अजून माझ्याकडे नाही. आणि हो, मामांची ही नोट आजही दहा रुपयांची कायदेशीर नोट आहे. दुसरी फाइल.

त्याच डब्यात वाळवीने कोपरा खाल्लेली शंभरची नोट होती, अगदी अलीकडची, संग्रहात ठेवण्यासारखं काही नाही. ती आलेख कागदावर ठेवून चौकटी मोजल्या. पन्नास आणि त्यावरच्या नोटांचा नियम असा की सगळ्यात मोठा अखंड तुकडा मूळ नोटेच्या ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० टक्के असेल तर अर्धे, त्याखाली काहीच नाही. वीसपर्यंतच्या नोटांना अर्धे पैसे हा प्रकारच नाही: निम्म्याहून जास्त तुकडा असेल तर पूर्ण, नाहीतर शून्य. आमची नोट ८० च्या बरीच वर भरली आणि जवळच्या शाखेत बदलूनही मिळाली. जळलेली किंवा हात लावताच तुकडे पडणारी नोट मात्र शाखेत न नेता थेट रिझर्व्ह बँकेतच न्यावी.

तिसरी फाइल मुद्दाम छोटी ठेवली आहे, आणि इथे सगळ्यांनी लक्ष द्या. २०१७ च्या कायद्याप्रमाणे २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा कुणाकडेही दहापेक्षा जास्त असू नयेत. अभ्यास, संशोधन किंवा नाणेशास्त्रासाठी ही मर्यादा २५ आहे. दोन्ही मूल्यं धरून २५. त्यापुढे गेलात तर दंड दहा हजार रुपयांपर्यंत किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, यातला जो जास्त असेल तो. प्रत्येक इनसेट अक्षर गोळा करण्याचा नाद इथे सोडावाच लागतो. मी प्रत्येक मूल्यात जालान, रेड्डी, सुब्बाराव, राजन अशी सहीला एक नोट ठेवली आणि थांबलो. १९४६ आणि १९७८ मध्ये रद्द झालेल्या मोठ्या नोटांची पानं रिकामी आहेत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराची हजारची नोट प्रदर्शनात काचेआड पाहिली आहे, तेवढंच.

मोबाइलवर 'ट्रॅक्टरवाली पाचची नोट द्या, लाखो रुपये घ्या' असं फिरतं आणि मग नोंदणीसाठी, करासाठी पैसे मागतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केलंय की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही, ती असलं कमिशन कधी मागत नाही आणि तसा अधिकारही तिने कुणाला दिलेला नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सांगून ठेवा. फसवणूक त्यांचीच जास्त होते.

राहिल्या परदेशी नोटा. अमेरिकेने १८६१ पासूनची आपली कुठलीही नोट रद्द मानलेली नाही, म्हणून डॉलर सरळ दुसऱ्या फाइलमध्ये. जर्मन मार्क बुंडेसबँक बेमुदत बदलून देते. इंग्लंडच्या कागदी वीस आणि पन्नास पौंडांची दुकानातली मुदत ३० सप्टेंबर २०२२ ला संपली, तरी बँक ऑफ इंग्लंड त्या घेते. फ्रेंच फ्रँक मात्र १७ फेब्रुवारी २०१२ नंतर फक्त अल्बमपुरता. डच गिल्डरची मुदत १ जानेवारी २०३२ ला संपते, ती तारीख पानावर पेन्सिलीने टिपून ठेवली आहे. परदेशी नोटांचं सविस्तर पुढच्या नोंदीत. तोवर कुणाकडे आडारकरांच्या सहीची दोनची किंवा दहाची नोट अदलाबदलीसाठी असेल तर कळवा. माझ्याकडे झा यांच्या सहीची दोनची जादा आहे, भोकांसकट.