फाईल होती, पण तिच्यात काय आहे ते कुणीच लिहिलं नव्हतं

गेल्या महिन्यात एका कार्यक्रमासाठी एक शॉट हवा होता. धरणाचा दरवाजा हळूहळू वर जातो आणि पाणी एकदम फुटून बाहेर येतं, बस एवढाच. खूप वर्षांपूर्वी शूट झालेला, आपल्याकडे आहे हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं, कॅमेरामनला तर आपण नेमके कुठे उभे होतो ते पण आठवत होतं. सर्व्हरवर 'धरण' टाकलं, काही नाही. 'पाणी' टाकलं तर इतक्या क्लिप आल्या की बघून संपेनात. शेवटी तो 'न्यू फायनल २' नावाच्या फाईलमध्ये निघाला, ४१ मिनिटांचं कच्चं फुटेज आणि आमचा शॉट ३३व्या मिनिटाला. वर्णनाच्या रकान्यात लिहिलं होतं 'चांगले शॉट्स'. तोपर्यंत दोन दिवस गेले होते आणि कार्यक्रम दुसराच शॉट लावून प्रसारित झाला होता.

मी फुटेज लॉगिंग करते, म्हणजे आलेलं शूटिंग बघायचं आणि त्यात काय आहे ते टाइमकोडसकट, म्हणजे तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम अशा नेमक्या वेळेसकट, लिहून ठेवायचं. लोकांना वाटतं हे शूटिंग-एडिटिंग झाल्यावर उरलेलं कारकुनी काम आहे, वेळ मिळाला तर करू, नाहीतर राहू दे. मला हे अजिबात पटत नाही, आणि माझंच काम आहे म्हणून मी असं म्हणत नाहीये. युरोपातल्या प्रसारकांची संघटना ईबीयू आणि सिनेमा-टीव्हीच्या इंजिनिअर लोकांची संस्था एसएमपीटीई यांच्या टास्क फोर्सनं १९९८ साली एक सरळ हिशोब मांडला होता. नुसतं चित्र आणि आवाज म्हणजे एसेन्स, त्यात मेटाडेटा, म्हणजे त्याबद्दलची लिहिलेली माहिती, मिळवला की त्याला कंटेंट म्हणायचं, आणि त्याचे हक्क पण आपल्याकडे असले की ती असेट. म्हणजे 'चांगले शॉट्स' लिहून ठेवलेली ती फाईल या हिशोबात धड कंटेंट पण नव्हती.

हक्कांचं तर काय सांगू. जुना कार्यक्रम ऑनलाइन टाकायचा असतो, प्रिंट चांगली असते, आणि मागे वाजणारं संगीत किती वर्षांसाठी घेतलं होतं ते कुठेच लिहिलेलं नसतं, मग तो कार्यक्रम तसाच पडून राहतो.

वर्णन कसं लिहायचं यावर मात्र जरा सविस्तर बोलते, कारण खरी गंमत तिथेच आहे. नवीन मुलं आली की पहिल्या दिवशी लिहितात, 'सुंदर संध्याकाळ, भावुक वातावरण.' आता 'भावुक' असा सर्च कोण मारणार आहे? एडिटर शोधतो तो 'म्हातारी बाई, पाठमोरी, छत्री, रिकामा प्लॅटफॉर्म'. म्हणून मी त्यांना तीच क्लिप परत बघायला लावते आणि असं लिहून घेते: '००:१२:०४:१० ते ००:१२:१९:००, वाइड, रिकामा रेल्वे प्लॅटफॉर्म, संध्याकाळ, पाठमोरी वयस्कर बाई, बंद काळी छत्री, कॅमेरा स्थिर, ००:१२:१५:०० ला गाडी डावीकडून फ्रेममध्ये येते, मूळ आवाज आहे, बोलणं नाही.' यात आवडीनिवडीचं एकही विशेषण नाही, पण हे वाचून माणूस क्लिप न उघडता ठरवू शकतो की आपल्या कामाची आहे का. शेवटचे दोन आकडे फ्रेमचे, सेकंदाला २५ फ्रेम असतील तर ते ०० ते २४ असेच जाणार, तिथे ३० दिसलं की समजायचं कुणीतरी अंदाजे ठोकलंय. आणि शब्द ठरलेले पाहिजेत. एकजण 'पूर' लिहिणार, दुसरा 'महापूर', तिसरा 'अतिवृष्टी', मग शोधणाऱ्याला एकतृतीयांशच मिळतं आणि त्याला वाटतं एवढंच आहे. हे फार वाईट, कारण काहीच सापडलं नाही तर माणूस अजून शोधतो तरी, अर्धवट सापडलं की शोधायचं थांबतो.

टीव्हीच्या बाजूला हेच वर्णन प्रेक्षकापर्यंत जातं. रिमोटचं गाईड बटण दाबलं की जी यादी येते ती डीव्हीबी या डिजिटल टीव्हीच्या मानकावर चालणाऱ्या प्रसारणात चित्राच्याच प्रवाहातून येते, १८८ बाइटच्या छोट्या छोट्या पॅकेटांमधून. त्यातलं ईआयटी नावाचं टेबल सांगतं की आता काय चालू आहे आणि पुढे काय आहे. वेळ त्यात यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते, तुमच्याकडचे किती वाजले ते बॉक्स स्वतः काढतो. आता यात एक गोष्ट आहे जी मराठीत लिहिणाऱ्याला चांगलीच जाणवते. कार्यक्रमाचं नाव आणि थोडक्यात माहिती ज्या तुकड्यात जाते त्याची लांबी एका बाइटमध्ये मोजतात, म्हणजे जास्तीत जास्त २५५, त्यातले पाच भाषेचा कोड वगैरेमध्ये जातात आणि नाव-माहिती मिळून उरतात २५०. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे हां, काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण ते १२ बाइट आहे. म्हणजे इंग्रजीत जिथे जवळजवळ अडीचशे अक्षरं मावतात तिथे आपल्याला ऐंशीच्या आसपास चिन्हं. जास्तीच्या मजकुरासाठी वेगळी सोय आहे, पण लोक वाचतात ते पहिलंच वाक्य, त्यामुळे 'या भागात आपण पाहणार आहोत की' अशी सुरुवात केली तर पाव भागाहून जास्त जागा तिथेच संपली. कोण, कुठे, काय झालं, लगेच लिहा.

दुसरी गोष्ट ओळखीची. फाईलचं नाव ही ओळख नव्हे, चॅनल आणि वेळ ही पण नव्हे, कारण दोन्ही बदलतात. १९९९ मध्ये टीव्ही-एनीटाइम म्हणून एक फोरम सुरू झाला, त्यांनी यावर काढलेला उपाय मला अजूनही फार आवडतो. प्रत्येक कार्यक्रमाला एक क्रिड द्यायचा, म्हणजे आशयाचा स्वतःचा ओळखक्रमांक, त्यात तो कधी आणि कुठे दिसणार याचं काही नसतं. तुम्ही रेकॉर्डरला सांगायचं की मला ही मालिका हवी, मालिकेचा क्रिड सोडवला, म्हणजे त्यामागे काय आहे ते रेकॉर्डरनं शोधलं, की भागांचे क्रिड मिळतात, भागाचा सोडवला की चॅनल आणि वेळ. मॅच लांबली, मालिका अर्धा तास पुढे गेली, तरी क्रिड तोच, वेळ नवीन मिळते आणि शेवटची पाच मिनिटं कापली जात नाहीत. वस्तू वेगळी आणि तिची जागा वेगळी, एवढी साधी गोष्ट आहे, पण आपल्याकडच्या फोल्डरांमध्ये बघा, वस्तूची ओळख तिच्या जागेवरूनच असते, फोल्डर हलवला की सगळं गेलं.

आता सगळे म्हणतात एआय करेल. थोडं करेलच, बोलणं टाइप करून देतं त्याचा मला रोज उपयोग होतो. यंत्रानं शोधता यावं ही कल्पना पण नवी नाही, एमपेग-७ हे मानक २००२ मध्येच आलं, ते व्हिडिओ लहान करत नाही, फक्त त्याचं वर्णन करतं, रंग, पोत, हालचाल, अगदी गुणगुणून गाणं शोधता येईल असा चालीचा चढउतार सुद्धा. त्यातलं कडांचं वर्णन चित्राचे १६ तुकडे करतं आणि प्रत्येकात पाच प्रकारच्या कडा मोजतं, असे ८० आकडे. मला वाटतं ते फार अवजड झालं म्हणून रोजच्या कामात रुजलं नाही, पण दिशा बरोबर होती. फक्त ते ८० आकडे असोत की आजचे 'पाणी, काँक्रीट, माणूस' असे आपोआप लागणारे टॅग, त्यातून तो माणूस कोण ते कळत नाही.

धरणाच्या शॉटमध्येही एक माणूस आहे, रेनकोट घातलेला, कोपऱ्यात उभा. मागच्या आठवड्यात मी त्या कॅमेरामनना फोन लावला, ते आता निवृत्त आहेत, आणि क्लिप पाठवून एकेक विचारत गेले. दरवाजा तिसरा होता. वेळ पहाटेची, पाऊस तासाभरापूर्वी थांबलेला. रेनकोटवाला तिथला ऑपरेटर, रात्रभर तिथेच होता, नाव त्यांना लगेच आठवलं, गाव पण. यातलं काहीच चित्रात दिसत नाही. तासभर बोललो, ४१ मिनिटांच्या २६ नोंदी झाल्या. अजून त्यांनी शूट केलेल्या बऱ्याच फाईल्स तशाच आहेत, तर दर शनिवारी सकाळी फोन करायचं ठरवलंय, ते म्हणाले दहानंतर कर, आधी मी फिरायला गेलेलो असतो.