कर्लीच्या खाडीत, पाग घेऊन कोळंबीला

मालवणजवळच्या कर्लीच्या खाडीत रात्री पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, घेऊन कोळंबीला जायचं असेल तर आधी तिथी बघा. भरतीचा कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पावणेचारच्या आसपास पूर्ण भरती आणि रात्री दहाच्या सुमाराला सुकती, म्हणजे ओहोटी, संपते. आम्ही ऑक्टोबरातली वद्य पंचमी धरली. सूर्य बुडाल्यावर ओहोटी चांगली वाहती असते आणि चंद्र नऊ वाजून गेल्यावर उगवतो. कोळंबीला असा काळोखच हवा. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण मात्र टाळा, पाणी इतकं ओढतं की लहान होडी नांगरावर धड ठरत नाही.

देवबागहून निघालो, पण खाडी समुद्राला मिळते त्या संगमाकडे न जाता वर नेरूरपारच्या दिशेने. ओहोटीत मुखाशी सगळा ओढा समुद्राकडे असतो, तिथे हौशी माणसाचं काम नाही. लाइफ जॅकेट रात्रभर अंगावरच ठेवा. गावातला माणूस सोबत असल्याशिवाय तर जाऊच नका. खाडीत कुठे चिखल, कुठे कालवांचे खडक, हे त्यालाच ठाऊक असतं आणि खडकावर पडलेला पाग फाटूनच वर येतो.

आमच्या होडीवाल्या काकांनी खारफुटीच्या कडेला, एक वहाळ खाडीला मिळतो तिथे नांगर टाकला. "सुकती लागली की सुंगटां हयसूनच भायर पडतत," ते म्हणाले; सुंगटां म्हणजे कोळंबी. बॅटरी पाण्यावर धरली तर लालसर ठिपके चमकत होते. ते कोळंबीचे डोळे!

पाग टाकणं खरं तर अंगणात शिकून यावं. दोरीचा फास डाव्या मनगटात, जाळ्याचा घोळ अर्धा कोपरावर, अर्धा उजव्या हातात, आणि फेक कमरेतून. शिशाची कड काही जण दातांत धरतात, नवख्याने धरू नये. होडीत एका वेळी एकानेच उभं राहायचं, बाकीचे बसून तोल सांभाळतील. पाणी पुरुषभर किंवा त्याहून कमी असावं, कारण जास्त खोल पाण्यात शिसं तळाला टेकायच्या आत कोळंबी निसटते. टेकलं की दोरी सावकाश ओढा. घाईने ओढलात तर शिसं तळापासून उचलतं आणि खालून सगळी पसार.

पागात हात घालण्याआधी उजेड पाडा. शिंगाळा या माशाचा काटा लागला तर भयंकर ठणकतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याने कळ उतरते, म्हणून थर्मासमध्ये गरम पाणी न्या आणि सूज वाढली तर डॉक्टर गाठा.

बोटभरही नसलेली कोळंबी लगेच पाण्यात सोडा, ही माझी कळकळीची विनंती आहे. अंडी समुद्रात पडतात, पिल्लं भरतीबरोबर खाडीत येऊन खारफुटीच्या आडोशाला वाढतात आणि पुढे विणीसाठी समुद्रात परततात. आपण त्यांच्या परतीच्या वाटेवरच पाग टाकतो. खारफुटीची फांदीही तोडू नका, तिला कायद्याचं संरक्षण आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती १९८७पासून सागरी अभयारण्य आहे, तिकडे पाग घेऊन जाऊच नये.

बर्फ भरपूर न्या. कोळंबीची डोकी लवकर काळी पडतात, तेव्हा होडीतच खाडीच्या पाण्याने धुऊन तिला बर्फात पुरा आणि घरी पोचल्यावर आधी डोकी काढा, मग बाकीचं.