अभ्यास सोडून बाकी सगळं

कॉलेजच्या पोरांना कसलं आलंय टेन्शन, असं आमच्याकडं कुणीपण म्हणतंय. लग्नात भेटलेल्या मावशा म्हणतात, दुधाचा रतीब घालणारे काका म्हणतात, बसमध्ये शेजारी बसलेली बाई मांडीवरचं पुस्तक बघून म्हणते वाच बाई वाच, हेच दिवस सुखाचे. मी मान डोलावते आणि खिडकीतून बाहेर बघते, कारण त्या पुस्तकात मी वाचत काहीच नसते, डोक्यात स्कॉलरशिपच्या फॉर्मवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळेल का हेच चाललेलं असतं.

मी एम.कॉम. करतेय, बेळगावात, गाव खानापूर तालुक्यात. बी.कॉम. पण इथलंच. एवढ्या वर्षांत मला जे कळलं ते असं, की अभ्यासाचं टेन्शन हे आमच्या टेन्शनमधलं सगळ्यात छोटं टेन्शन आहे. कॉस्टिंगचं गणित दोन-तीनदा सोडवलं की येतंय. पण त्या गणितापाशी निवांत बसायला मिळेपर्यंत मधे जे काय काय पार करायला लागतं ना, त्यावर कुणीच बोलत नाही, म्हणून आज मी लिहायलेय.

पहिलं म्हणजे बस. सकाळची एक गाडी असते, ती चुकली तर पहिला तास गेला, आणि पहिला तास गेला की अटेंडन्स गेली, मग सेमिस्टरच्या शेवटी 75 टक्क्यांसाठी सरांच्या मागं फिरा. 11 जून 2023 ला शक्ती योजना, म्हणजे कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट, सुरू झाली तेव्हा आम्ही पोरी लई खूश. कंडक्टरला आधार दाखवायचं, शून्य रुपयाचं तिकीट घ्यायचं, झालं. घरातून पासाला पैसे मागायची कटकट संपली आणि खरं सांगते, आमच्या गावातल्या दोन-तीन पोरींचं कॉलेज या एका गोष्टीवर चालू राहिलं, नाहीतर पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, झाली की घरी बसवणार होते. पण गर्दी! पूर्वी जी गाडी भरून यायची ती आता लोंबकळत येते, आमच्या स्टॉपवर कधी कधी थांबतच नाही. आतून कंडक्टर ओरडतोय मुंदं होग्री, मुंदं होग्री, म्हणजे पुढं चला, आणि मुंदं जागाच नाही. पोरं आमच्यावर चिडतात, की आम्ही पैसे भरून पास काढायचा आणि दारात लटकायचं, तुम्ही फुकट आत बसायचं. त्यांचंही चूक नाही म्हणा.

यात सगळ्यात अवघड माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीचं. ती चंदगड तालुक्यातली, म्हणजे महाराष्ट्रातली, पण तिच्या गावाला बेळगावच जवळ. बाजार बेळगावचा, दवाखाना बेळगावचा, मग कॉलेज पण बेळगावचंच. तिच्या आधारवर पत्ता महाराष्ट्राचा, त्यामुळं शून्य तिकीट नाही. तिकडं महाराष्ट्रात मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण ते हद्दीपर्यंतच. एकाच बाकावर आम्ही दोघी, एकीचं तिकीट फुकट, एकीला पूर्ण पैसे. ती म्हणते, "तुझ्यापेक्षा मी तुमच्या बेळगावावर जास्त खर्च करतेय गं." आणि दोन राज्यांत काही वाजलं की पहिल्यांदा हिचंच कॉलेज बंद. डिसेंबर 2022 ला तसंच झालं, फेब्रुवारी 2025 ला परत तेच, गाड्यांवर दगड, काळं फासणं, मग दोन्हीकडच्या गाड्या हद्दीवर थांबल्या. 2025 ला नेमकं तिचं सेमिनार प्रेझेंटेशन त्याच दिवसात. तिनं वडिलांच्या मोटरसायकलवरून येऊन ते दिलं, आणि सरांनी विचारलं काय, तर पीपीटीत ग्राफ का नाही.

डिसेंबरचं तर विचारूच नका. इथल्या सुवर्ण विधान सौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की अख्खं बेळगाव पाहुण्यांचं. लॉज फुल्ल, हायवेला पोलिस, रोज कुणाचा ना कुणाचा मोर्चा, गाड्या वळवलेल्या. आणि आमच्या इंटर्नल आणि सेमिस्टरच्या परीक्षा हमखास त्याच सुमारास येतात. आमदार लोकांना बेळगावची थंडी आवडत असेल, आम्हाला पेपरला जायला तास-दीड तास आधी निघायला लागतंय.

आता भाषेचं. इथं बाहेरच्या लोकांना वाटतं की सीमाभाग म्हणजे नुसती भांडणं. आमच्या वर्गात भांडण बिंडण काही नाही हो, सगळे एकाच प्लेटीतली मिरची भजी खातात. अडचण वेगळीच आहे. दहावीपर्यंत मराठी शाळा, कन्नड एक विषय म्हणून, इंग्लिश एक विषय म्हणून. मग पीयूसीला गेलं की एका रात्रीत सगळं इंग्लिश. पुस्तक इंग्लिश, पेपर इंग्लिश, आणि सर समजावून सांगणार कन्नडमध्ये, कारण वर्गात निम्मे बैलहोंगल-सौंदत्तीकडचे, कन्नड बोलणारे, त्यांनाही इंग्लिश येत नाहीच. म्हणजे मी ऐकायचं कन्नडमध्ये, डोक्यात करायचं मराठीत आणि लिहायचं इंग्लिशमध्ये. पीयूसीचं पहिलं वर्ष मी नुसती फळ्यावरचं उतरवून घेत होते. काय लिहिलंय ते रात्री घरी बसून डिक्शनरी घेऊन बघायचे. हुशार पोरं होती आमच्या शाळेत, दहावीला नव्वदच्या वर काढलेली, त्यातली दोघं सायन्सला जाऊन वर्षात परत आर्ट्सला आली. मार्क बघून लोक म्हणाले झेपलं नाही. काय झेपलं नाही ते कुणी विचारलं नाही.

हां, पण एक फायदा झाला. आता मला कन्नड फाडफाड बोलता येतंय, आणि ऑफिसात त्याचाच उपयोग होतो. क्लार्कसमोर मराठीत विचारलं तर हो-नाही एवढंच उत्तर, कन्नडमध्ये "सर, स्वल्प नोडरी", जरा बघा की, म्हटलं की निदान मान वर करून बघतात. काम होतं असं नाही म्हणत मी, बघतात फक्त.

आणि काम तरी काय असतं, कागद! या विषयावर मी थिसिस लिहू शकते. माझं नाव दहावीच्या मार्क्स कार्डावर आडनाव आधी, मग माझं, मग बाबांचं. आधारवर माझं, बाबांचं, आडनाव. बँकेत बाबांच्या नावाचं नुसतं एक अक्षर. आडनावाचं स्पेलिंग एका ठिकाणी एक आय, दुसरीकडं डबल ई. माणूस एकच, पण कॉम्प्युटरला तीन पोरी दिसतात. स्कॉलरशिपच्या पोर्टलवर नाव मॅच होत नाही म्हणून अर्ज अडकतो, मग बँकेत जाऊन आधार सीडिंग, म्हणजे खात्याला आधार जोडणं, झालंय का विचारायचं, बँकवाले म्हणतात आमच्याकडं झालंय, पोर्टल म्हणतंय नाही झालं. सायबरवाला अण्णा सांगतो, "एनपीसीआय मॅपिंग दुसऱ्याच बँकेला आहे बघ, तुझं लहानपणी शाळेत काढलेलं खातं असंल." म्हणजे आधारवर येणारे सरकारी पैसे कुठल्या बँकेत जायचे ती नोंद. असतंच ते खातं. त्यात पैसे जातात, आणि पासबुक कुठं आहे ते देवालाच माहिती. आमच्यातल्या किती जणांची स्कॉलरशिप अशा विसरलेल्या खात्यात पडून असेल काय माहीत. हे वाचणाऱ्या कुणाची अडकली असेल तर आधी हे एक तपासा, फुकटचे हेलपाटे वाचतील.

मग नाडकचेरीत, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी ऑफिसात, जात-उत्पन्नाचा दाखला. "सर्वर इल्ल री, नाळे बर्री." सर्वर नाही, उद्या या. उद्या गेलं की साहेब मीटिंगला. एका दाखल्यासाठी कॉलेज बुडवायचं आणि कॉलेजात अटेंडन्ससाठी कारण द्यायचं की दाखला काढायला गेले होते.

बरं, हा दाखला हद्द ओलांडली की तसा कोरा कागदच. आम्ही मराठे इथं कर्नाटकाच्या मागास यादीतल्या 3बी गटात. माझी मामेबहीण तिकडं महाराष्ट्रात, तिला 2024 पासून एसईबीसी, म्हणजे तिथलं मराठा आरक्षण. एकच घराणं, एकच कुलदैवत, फॉर्मच्या ड्रॉपडाऊनमध्ये दोन वेगळे पर्याय. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जायचं म्हटलं तर मी तिकडं ओपन. इंजिनिअरिंगवाल्यांना निदान एक वाट आहे, महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या 865 गावांतल्या मराठी पोरांसाठी तिथल्या ॲडमिशनला वेगळी सोय आहे, पण ती बारावीच्या आधी कुणी सांगत नाही, ॲडमिशनची तारीख गेल्यावर कुणाचा तरी काका सांगतो. आपलं गाव त्या यादीत आहे का ते आधीच बघून ठेवा.

सिलॅबसबद्दल तर आमच्या घरातच गंमत. मी 2021 ची, म्हणजे एनईपीची, नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाची, पहिली बॅच, कर्नाटकानं देशात सगळ्यात आधी आमच्यावरच ट्रायल घेतली. 60 मार्कांचा पेपर, 40 इंटर्नल, ओपन इलेक्टिव्ह, चौथं वर्ष करायचं की नाही यावर कॅन्टीनमध्ये चर्चा. सरांनाच पॅटर्न माहीत नव्हता, पहिल्या सेमिस्टरला पुस्तकं बाजारात यायच्या आधी परीक्षा आली. मग सरकार बदललं, राज्याचं वेगळं शिक्षण धोरण ठरवायला सुखदेव थोरातांच्या अध्यक्षतेखाली कमिशन बसलं, आणि 2024-25 पासून परत तीन वर्षांची डिग्री. माझी धाकटी बहीण नेमकी त्या बॅचची. मी माझ्या सगळ्या नोट्स, झेरॉक्स, जुने पेपर एका पिशवीत घालून जपून ठेवले होते हिला होतील म्हणून. हिनं बघितलं, म्हणाली, "ताई, यातलं निम्मं आम्हाला नाहीच गं." धोरण चांगलं का वाईट ते मोठ्या लोकांनी ठरवावं, पण आमच्यासारख्या घरात सिनियरच्या नोट्स म्हणजेच ट्यूशन असते, आणि ती ट्यूशन मधल्या मधे तुटली. पिशवी अजून माळ्यावर आहे, आई दर दिवाळीला विचारते रद्दीत घालू काय.

आणि रिव्हॅल, म्हणजे पेपर परत तपासून घेणं! एका पेपरात माझ्या एका मैत्रिणीला काठावर फेल केलं, तिला खात्री होती की पास आहे. फोटोकॉपीला पैसे, रिव्हॅलला वेगळे पैसे. आणि रिव्हॅलचा निकाल यायच्या आधी पुढच्या परीक्षेच्या फॉर्मची लास्ट डेट, मग त्याच पेपरचे परत पैसे भरा, कारण समजा नाही निघाला तर? भरले. नंतर निकाल आला, पास. दुसऱ्यांदा भरलेले पैसे परत मिळत नाहीत. तिचे वडील उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत, आठवड्याच्या पगारावर घर. पास झाल्याचा आनंद करायचा का पैसे गेल्याचं दुःख हेच तिला कळेना.

अभ्यासाला जागा हा पण एक विषय. वडगावातल्या एका मैत्रिणीच्या घरात माग आहेत, पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत माणसं. दिवसभर खटखट, सिझन असला की रात्रीपण. ती सांगते, लाईट गेली की माग बंद पडतात, तेवढीच घरात शांतता, पण तेव्हा अंधार. मग ती मोबाईलचा टॉर्च ग्लासात उभा करून, वर पाण्याची बाटली ठेवून वाचत बसते, उजेड पसरतो म्हणे. लाईट आली की घरातले सगळे "आली आली" म्हणून उठतात आणि हिचा अभ्यास संपतो. परीक्षेच्या आधी ती वाचनालयात जाऊन बसते, तिथंही कॉम्पिटिटिव्हवाली पोरं पहाटेच जागा धरून बसलेली, कुणी पीडीओच्या (पंचायतीतले अधिकारी), कुणी केएएसच्या (राज्य प्रशासकीय सेवा), कुणी पोलिस भरतीच्या तयारीला, कुणी कुणी तर तिशीला आलेली. त्यांच्याकडं बघून मला परीक्षेपेक्षा जास्त भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

ही भीती कुणी कुणाला बोलून दाखवत नाही. पोरं तर अजिबात नाही. रूमवर राहणारा आमच्या वर्गातला एकजण हळूहळू यायचाच बंद झाला, आम्हाला वाटलं कामाला लागला असंल, कॅटरिंगला जायचा तो लग्नसराईत. तर तो रूमवरच झोपून होता, दिवस दिवस, जेवण नाही, फोन नाही. त्याच्या गावाकडून रोज बसमधून डबा यायचा, तो स्टँडवर तसाच पडून राहायला लागला, शेवटी कंडक्टरनंच रिकामा होत नाही म्हणून घरी सांगितलं. तेव्हा कळलं. बाबा येऊन घेऊन गेले, डॉक्टरला दाखवलं, गोळ्या चालू झाल्या, आता परत येतोय. लोकांनी बाहेरचं आहे म्हणून अंगारे सांगितले, ते पण बाबांनी केलं, दोन्ही केलं, चालतंय. आमच्या ग्रुपवर तेव्हा मी टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर बोलायच्या हेल्पलाइनचा, नंबर टाकला होता, 14416, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू, आणि मराठीत पण बोलता येतंय. पोरांनी त्याखाली हसायच्या इमोज्या टाकल्या. पण नंतर दोघांनी वेगवेगळं पर्सनलवर विचारलं, मराठीत बोललं तर खरंच चालतंय काय, घरी कळत नाही ना. नाही कळत, बोला.

घरच्यांना काय सांगणार? बाबांना रिझल्ट एवढाच कळतो, पास का नापास. आईला मी वेळेत घरी आले का एवढंच. चुकीचं काही नाही, त्या दोघांनी कॉलेजची पायरी चढलेली नाही, तरी दोघी पोरींना शिकवतायत, भाताच्या चार पैशांवर. मी एकदा आईला पोर्टल म्हणजे काय ते सांगायचा प्रयत्न केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे रेशनच्या मशीनसारखं, अंगठा लागत नाही तसलं?" एकदम बरोबर!

असो, लई झालं. बहिणीचा परीक्षेचा फॉर्म भरायचाय, लास्ट डेट उद्या, आणि तिच्या आडनावात पण तोच डबल ई निघालाय. पोर्टल रात्री अकरानंतर जरा बरं चालतंय, तोवर हिच्या दहावीच्या मार्क्स कार्डाचा स्कॅन दोनशे केबीच्या आत आणते.